परसबागेतील अग्निमुंगी

रायपूर व त्याच्या भोवतालच्या छत्तीसगडच्या मैदानात घराला लागून असलेल्या भाजीपाल्याच्या तुकड्यास ‘बाडी’ म्हणतात. मराठी मुलखातील परसबागेचेच हे रूप होय. पावसाळा ओसरला की या बाड्यांतून वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपे तयार करण्याची लगबग सुरू होते. याच सुमारास वाफ्यांच्या कडेला व बांधांवर भुसभुशीत मातीचे लहान लहान ढीग दिसू लागतात. अशा ढिगास खुरप्याचा नुसता धक्का लागला, तरी क्षणार्धात शेकडो तांबूस मुंग्या हातापायांवर चढतात आणि निखाऱ्याचा चटका बसावा तशी आग होते. या आगीवरूनच त्या मुंगीस अग्निमुंगी हे नाव मिळाले आहे.

तिचा बंदोबस्त करण्यासाठी बहुतेक लोक डोळ्यांस दिसतील तेवढ्या मुंग्या मारतात. चार दिवस बाग शांत राहते आणि पाचव्या दिवशी हातभर अंतरावर नवा ढीग उभा राहतो. असे का होते, हे समजून घेतल्यावाचून कोणताही उपाय लागू पडत नाही.

ओळख आणि मूळ

भारतात सर्वत्र आढळणाऱ्या अग्निमुंगीचे शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा असे आहे. फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १८०४ साली तिचे प्रथम वर्णन केले. तिचे मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. सोळाव्या शतकात मेक्सिकोतील आकापुल्को बंदरातून फिलिपाईन्समधील मनिला येथे जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ती आशियात पोहोचली, असा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून निघाला आहे. तोल सांभाळण्यासाठी गलबतांत माती भरीत, व त्या मातीतूनच तिचा प्रवास झाला असावा. टी. सी. जेर्डन यांनी दक्षिण भारतातील मुंग्यांची यादी १८५१ साली प्रसिद्ध केली, तेव्हा ती येथे नांदत होतीच. मिरची व टोमॅटो ही अमेरिकेची झाडे जशी येथल्या मातीत रुजली, तशीच ही मुंगीही रुजली.

परंतु प्रत्येक तांबडी मुंगी म्हणजे अग्निमुंगी असे समजणे चुकीचे ठरेल. आंब्याच्या झाडावर पाने शिवून घरटे करणारी लांब पायांची मुंगी निराळी. बस्तरमध्ये तिला ‘चापडा’ म्हणतात व तिची चटणी करतात. ती झाडांवरील किडी खाते, म्हणून ती बागाइतदाराची मित्र आहे. जमिनीखालीच राहून बटाटा व भुईमुगाच्या शेंगा पोखरणारी डोरायलस ही आणखी एक तांबूस मुंगी. तिच्या कामकरी मुंग्यांस डोळेच नसतात. अग्निमुंगीस लहान डोळे असतात, तिच्या कमरेवर दोन गाठी असतात आणि एकाच वारुळात सुमारे तीन ते सहा मिलिमीटरपर्यंत लहानमोठ्या कामकरी मुंग्या दिसतात. त्यांतील मोठ्यांचे डोके शरीराच्या मानाने फारच अवजड असते. शंका असल्यास चार-सहा मुंग्या स्पिरिटच्या लहान बाटलीत घालून कृषी विज्ञान केंद्रातील किंवा रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातील कीटकशास्त्रज्ञास दाखवाव्यात.

बागेची हानी

अवजड डोक्याच्या त्या मुंग्या म्हणजे वारुळातील जातीच होत. मजबूत जबड्यांनी त्या बिया भरडतात. त्यामुळे गादीवाफ्यात पेरलेले बारीक बी उगवण्यापूर्वीच नाहीसे होते आणि माळी बियाण्यास दोष देत बसतो. कोवळ्या रोपांची साल कुरतडणे, मुळांभोवतालची माती पोखरून रोप अधांतरी करणे हेही उद्योग ती करते.

याहून मोठी हानी अप्रत्यक्ष असते. मावा व पिठ्या ढेकूण हे कीटक झाडाचा रस शोषून गोड चिकट द्रव बाहेर टाकतात. या द्रवासाठी अग्निमुंग्या त्यांस पाळतात, आणि त्यांस खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. भेंडीच्या वा वांग्याच्या शेंड्यावर मुंग्यांची रांग लागलेली असेल, तर पानांच्या मागे मावा आहे काय, हे प्रथम पाहावे.

दंशाची आग

मुंगीच्या दंशातील दाह फॉर्मिक आम्लामुळे होतो, असे शाळांतून पुष्कळदा शिकविले जाते. पाने शिवणाऱ्या मुंगीच्या बाबतीत ते खरे आहे. अग्निमुंगीच्या बाबतीत नाही. ती जबड्यांनी कातडी पकडून ठेवते व शरीर फिरवून शेपटाकडील नांगी वारंवार खुपसते. तिच्या विषाचा बहुतांश भाग अल्कलॉइड द्रव्यांचा असून त्यांनी आग होते. थोड्या प्रमाणातील प्रथिनांमुळे काही व्यक्तींस तीव्र वावडे येते. दंशाची जागा साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी व फोड फोडू नये. ओठ वा जीभ सुजणे, श्वास लागणे, घेरी येणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वारूळ: अनेक शरीरांचा एक संसार

वारुळात राणी, कामकरी मुंग्या, अंडी, अळ्या व कोष असतात. अंडी घालण्याचे काम राणीचे. ती कित्येक वर्षे जगते, आणि काही वारुळांत एकीहून अधिक राण्या असतात. बाहेर दिसतात त्या अन्न आणणाऱ्या कामकरी मुंग्या. त्या वारुळाचा एक लहानसा अंश होत. त्या मेल्या तरी राणी काही आठवड्यांत त्यांची उणीव भरून काढते. धोका जाणवला तर उरलेल्या मुंग्या राणीसह अंडी-अळ्या उचलून दुसरीकडे जातात. रॉकेल, हळद, राख इत्यादी घालून मुंग्या ‘गेल्या’ असे वाटते, तेव्हा बहुधा त्यांचे केवळ स्थलांतर झालेले असते.

अन्नग्रहणाची त्यांची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रौढ मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही. ती फक्त द्रव पिते. घन कण ती मोठ्या अळ्यांपुढे ठेवते. अळ्या तो पचवून द्रवरूपाने परत देतात, आणि तो द्रव तोंडातून तोंडात असा सर्व वारुळात, अखेर राणीपर्यंत पोहोचतो. कोरडा रवा खाऊन मुंगी फुगून मरते ही समजूत यामुळेच निराधार ठरते. परंतु याच रीतीत उपायाची किल्लीही आहे: जे विष कामकरी मुंगीस लगेच मारीत नाही, तेच राणीपर्यंत जाऊन पोहोचते.

एक महागडा धडा

अग्निमुंगीची दुसरी एक जात, सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा, दक्षिण अमेरिकेतून १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मोबील बंदरात उतरली व दक्षिणेकडील राज्यांत पसरली. तिचा नायनाट करण्यासाठी १९५७ साली तेथील सरकारने विमानांतून डिल्ड्रिन व हेप्टाक्लोर ही विषे विस्तीर्ण प्रदेशावर टाकविली. पक्षी, मासे व पाळीव जनावरे यांचा संहार झाला. रेचल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात त्याची हकीकत जगापुढे मांडली. अग्निमुंगीशी स्पर्धा करणाऱ्या स्थानिक मुंग्याही अशा विषांनी मरतात, आणि रिकाम्या झालेल्या जमिनीत सर्वांत आधी अग्निमुंगीच परत येते. आज ती त्या राज्यांत पूर्वीहून अधिक पसरलेली आहे.

भारतातही मुंग्यांवर बीएचसी भुकटी धुरळण्याची पद्धत होती. १९९७ पासून बीएचसीवर बंदी आहे. जुन्या डब्यातील अशी भुकटी घरच्या भाजीवर कदापि वापरू नये.

उपाय

पहिला उपाय आश्रय काढून घेण्याचा. अग्निमुंगीस उघडी, उन्हाची, न हललेली माती आवडते. पावसाळ्यात भातखाचरे पाण्याने भरली की ती बांधांकडे व उंच वाफ्यांकडे वळते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बांध व वाफ्यांच्या कडा तपासाव्यात, माती हलवावी, तण काढावे. बी पेरल्यावर ते मातीने नीट झाकून उगवेपर्यंत ओल राखावी. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा किंवा निंबोळी अर्क वापरावा. मावा गेला की मुंग्यांचे येणेही कमी होते.

दुसरा उपाय उकळत्या पाण्याचा. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात मुंग्या अंडी-अळ्यांना उबेसाठी वर आणतात. त्या वेळी ढिगावर दहा-बारा लिटर उकळते पाणी सावकाश ओतावे. अमेरिकेतील कृषी विस्तार संस्थांच्या अनुभवानुसार असे पाणी ओतलेली सुमारे साठ टक्के वारुळे मरतात. म्हणून आठवड्याने पुन्हा पाहून प्रयोग दोन-तीन वेळा करावा लागतो. या पाण्याने झाडांची मुळेही मरतात, तेव्हा रोपांजवळील वारुळास हा उपाय करू नये. हे काम प्रौढांनीच, बूट घालून करावे.

तिसरा व सर्वांत परिणामकारक उपाय आमिषाचा. १०० मिलिलिटर पाण्यात दोन-तीन चमचे साखर व १ ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवून, त्यात भिजविलेला कापूस भोके पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवावा. बोरिक आम्ल अधिक घालण्याचा मोह टाळावा. तीव्र द्रावणाने मुंगी वाटेतच मरते व राणी सुरक्षित राहते. डबी वारुळापासून हातभर अंतरावर, मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. द्रावण वाफ्यात सांडू देऊ नये, कारण अधिक बोरॉन झाडांस अपायकारक असते. गोडाकडे मुंग्या वळत नसतील, तर शेंगदाण्याचा तुकडा ठेवून पाहावा. या जातीस तेलाची आवड असते. तसे असल्यास भाजीपाल्यासाठी नोंदणी झालेले तेलयुक्त आमिष कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने वापरावे.

आमिषाची वेळही महत्त्वाची आहे. जमीन फार तापली वा फार गारठली की मुंग्या बाहेर पडत नाहीत. रायपूरच्या मे महिन्यात पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, तर डिसेंबरात दुपारी आमिष ठेवावे; पावसाची चिन्हे असताना ठेवू नये. आमिष चालू असताना वारूळ उकरू नये, अन्यथा मुंग्या खाणे सोडून स्थलांतर करतील. परिणाम दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोवर मुंग्या ये-जा करताना दिसतील. ती ये-जा थांबविण्याची घाई करू नये, कारण विष राणीकडे नेणाऱ्या त्याच असतात.

अग्निमुंगी प्रदेशातून समूळ नाहीशी करणे बलाढ्य सरकारांसही साधलेले नाही. पावसाळ्यानंतर पंख फुटलेल्या नव्या राण्या दुरून उडत येतच राहणार. परंतु एका बाडीपुरता तिचा उपद्रव आटोक्यात ठेवणे कोणत्याही कुटुंबास शक्य आहे. महिन्यातून एकदा बांधावरून फेरी मारावी, नवा ढीग लहान असतानाच ओळखावा, आणि पाने शिवणाऱ्या मुंगीसारख्या मित्रांस धक्का न लावता केवळ त्या वारुळावर उपाय करावा.