पाळीव कॉर्न स्नेकचे निवासस्थान

पाळीव कॉर्न स्नेकचे निवासस्थान म्हणजे कॉर्न स्नेक (शास्त्रीय नाव: पँथेरोफिस गुट्टाटस) या उत्तर अमेरिकेतील बिनविषारी सापाला घरात ठेवण्यासाठी तयार केलेली बंदिस्त पेटी आणि तिच्यातील उष्णता, प्रकाश, आर्द्रता व आडोसे यांची व्यवस्था होय. अशा पेटीस 'विवेरियम' असेही म्हणतात. शांत स्वभाव, मध्यम आकार आणि बंदिवासात सहज होणारे प्रजनन यांमुळे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व युरोपातील अनेक देशांत प्रथमच साप पाळणारी व्यक्ती बहुधा याच जातीची निवड करते.

साप हा शीतरक्ताचा प्राणी आहे. तो शरीराची उष्णता स्वतः निर्माण करून टिकवत नाही, तर ऊन व सावली, कोरडी जागा व ओलसर जागा यांमध्ये ये-जा करून आपले तापमान राखतो. बंदिवासात ही ये-जा पेटीच्या भिंतींपुरती मर्यादित होते. त्यामुळे पेटीत ज्या गोष्टीची निवड उपलब्ध नाही, ती सापाला अन्य कोठूनही मिळू शकत नाही. पेटीच्या रचनेचे बहुतेक नियम या एकाच वस्तुस्थितीतून निघतात.

जातीची ओळख व नैसर्गिक अधिवास

कार्ल लिनियस याने 1766 मध्ये या सापाचे शास्त्रीय वर्णन केले. पूर्वी ही जात एलाफे या प्रजातीत गणली जात असे. तिचा नैसर्गिक आढळ अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आहे. पाइनची विरळ जंगले, खडकाळ उतार, शेतांच्या कडा, ओसाड घरे व धान्याची कोठारे येथे हा साप आढळतो. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या शोधात तो वारंवार दिसत असल्यामुळे त्यास हे नाव पडले असे मानतात. पोटावरील काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात, हे नावाचे दुसरे कारण सांगितले जाते.

प्रौढ सापाची लांबी साधारणतः 90 ते 150 सेंटिमीटर असते. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू 20 ते 30 सेंटिमीटरचे असते. बंदिवासात हा साप 15 ते 20 वर्षे किंवा त्याहून अधिक जगतो. तो मुख्यतः संध्याकाळी, रात्री व पहाटे हिंडतो. दिवसाचा बराचसा काळ तो झाडाच्या सुटलेल्या सालीखाली, बिळांत किंवा दगडांच्या फटींत घालवतो. तो झाडांवर चढण्यातही तरबेज आहे. लपणे, चढणे व मुरणे या तीन सवयी पेटीची मांडणी करताना विचारात घ्याव्या लागतात.

1960 च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड बेक्टेल या अमेरिकी संशोधकाने या जातीतील रंगहीनतेची आनुवंशिकता बंदिवासातील प्रजननाद्वारे दाखवून दिली. त्यानंतर विविध रंगांच्या वाणांची पैदास वाढत गेली. आज बाजारात मिळणारे बहुतेक कॉर्न स्नेक बंदिवासातच जन्मलेले असतात.

आकारमान

पेटी किती मोठी असावी याविषयीचे मत गेल्या काही दशकांत बदलले आहे. अमेरिकेतील जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत प्रौढ सापासाठी 20 गॅलनची, म्हणजे सुमारे 75 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद, काचेची टाकी पुरेशी मानली जात असे. साप बहुतेक वेळ वेटोळे घालून पडून राहतो, म्हणून त्यास जागा कमी लागते, असा यामागील तर्क होता.

2019 मध्ये क्लिफर्ड वॉरविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिवासातील विविध जातींच्या सापांचे निरीक्षण करून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जागा मिळाल्यास साप शरीर सरळ किंवा जवळजवळ सरळ ताणतात. त्यामुळे पेटीची लांबी सापाच्या लांबीहून कमी नसावी, असे मत त्यांनी मांडले. 2021 मध्ये इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष कॉर्न स्नेकवर केलेल्या प्रयोगात, मोठ्या पेटीत साप अधिक हालचाल करतात व निवड दिल्यास मोठ्या पेटीस पसंती देतात, असे आढळले.

सध्या प्रौढ सापासाठी किमान 120 सेंटिमीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद व 60 सेंटिमीटर उंच पेटीची शिफारस सर्रास केली जाते. साप त्याहून लांब झाल्यास पेटीही त्या प्रमाणात वाढवावी लागते. पिल्लांविषयी मात्र मतभेद आहेत. मोठ्या पेटीत पिल्लू बिथरते व खाणे सोडते असे काही पालक मानतात आणि म्हणून प्रथम 45 ते 60 सेंटिमीटरची पेटी वापरतात. पिल्लाच्या भीतीचे कारण पेटीचा आकार नसून आडोशांचा अभाव हे आहे, असे इतरांचे म्हणणे आहे.

बांधणी व साहित्य

काचेची पेटी सहज उपलब्ध असते व स्वच्छ करण्यास सोपी असते, परंतु जाळीचे झाकण असल्यास तिच्यातील उष्णता व ओलावा लवकर निघून जातो. लाकडी पेटी उष्णता चांगली धरून ठेवते. तिचे सांधे जलरोधक लेपाने बंद न केल्यास मात्र लाकूड फुगते व फटींत घाण साचते. पीव्हीसीच्या पेट्या वजनाने हलक्या असून त्यांत आर्द्रता टिकते.

दार पुढील बाजूस असणे सोयीचे मानले जाते. शिकारी पक्षी वरून झडप घालतात, त्यामुळे वरून येणारा हात सापास धोक्यासारखा भासतो. हवा खेळती राहण्यासाठी दोन बाजूंना छिद्रे किंवा जाळी आवश्यक असते.

पळून जाण्यात हा साप प्रवीण आहे. जेथून त्याचे डोके जाते, तेथून बहुधा संपूर्ण शरीर जाते. म्हणून सरकत्या काचांना कुलूप, झाकणास पकडी आणि तारा आत घेण्याच्या छिद्रांभोवती घट्ट बूच लावले जाते. पिल्लासाठी घेतलेल्या पेटीतील फटी विशेष बारकाईने तपासाव्या लागतात. हा प्रश्न केवळ पालकाच्या गैरसोयीचा नाही. मूळ आढळक्षेत्राबाहेरील ग्रँड केमनसारख्या बेटांवर कॉर्न स्नेक वन्य अवस्थेत स्थिरावले आहेत.

उष्णतेची व्यवस्था

पेटीत सर्वत्र एकसारखे तापमान ठेवणे ही नवख्या पालकाची नेहमीची चूक होय. आवश्यक असतो तो तापमानाचा उतार, म्हणजे एक टोक उबदार, दुसरे थंड आणि मधला भाग क्रमाने बदलणारा. सर्वसाधारणपणे पुढील मर्यादा पाळल्या जातात:

- उबदार टोकाचा पृष्ठभाग: 29 ते 32 अंश सेल्सिअस
- थंड टोक: 20 ते 24 अंश सेल्सिअस
- रात्रीचे तापमान: काही अंशांनी कमी, परंतु सुमारे 18 अंशांच्या खाली नाही

खाल्लेला उंदीर पचवण्यासाठी सापाला ऊब लागते. ती न मिळाल्यास पचन मंदावते व साप भक्ष्य ओकून टाकतो. उलट, थंड टोक नसल्यास सापाला उष्णतेपासून सुटका मिळत नाही. अतिउष्णतेने मृत्यू लवकर ओढवतो, त्यामुळे दोन्हींपैकी ती अधिक धोकादायक आहे. उन्हाळ्यात घराचेच तापमान 35 अंशांवर जाते अशा प्रदेशांत पेटी तापवण्यापेक्षा थंड टोक राखणे हेच अधिक कठीण ठरते.

उष्णतेसाठी वरून लावलेला दिवा किंवा तळाखालील विजेची गादी वापरतात. दिव्याभोवती जाळीचे आवरण नसल्यास साप त्यास विळखा घालतो व भाजतो. गादी पेटीच्या साधारण एक-तृतीयांश तळाखालीच असावी. कोणतेही साधन थर्मोस्टॅटविना वापरणे असुरक्षित असते. त्याचा संवेदक नेमका कोठे बसवला आहे यालाही महत्त्व आहे. संवेदक थंड जागी असल्यास यंत्र उष्णता वाढवतच राहते. त्यामुळे थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबून न राहता दोन्ही टोकांस स्वतंत्र तापमापक ठेवले जातात. आतून विजेने तापणारे कृत्रिम दगड टाळले जातात, कारण त्यांचा पृष्ठभाग असमान तापतो आणि पोटाकडील त्वचा भाजत असूनही साप वेळीच दूर होईल याची खात्री नसते.

प्रकाश

दिवस व रात्र यांचा नियमित क्रम राखणे आवश्यक असते. त्यासाठी साधारण 12 तास प्रकाश व 12 तास अंधार ठेवला जातो. पेटी थेट उन्हात ठेवू नये. काचेच्या पेटीतील तापमान उन्हामुळे थोड्याच वेळात घातक पातळीस जाते. संपूर्ण उंदीर खाणाऱ्या सापाला आहारातून ड जीवनसत्त्व मिळते, म्हणून अतिनील-ब किरणांच्या दिव्याची गरज नाही असे पूर्वी मानले जाई. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दिव्याखाली ठेवलेल्या कॉर्न स्नेकच्या रक्तातील ड-3 जीवनसत्त्वाच्या घटकाचे प्रमाण वाढल्याचे दिसले. त्यानंतर सौम्य दिवा लावण्याकडे कल वाढला आहे. दिवा लावल्यास त्यापासून दूर जाण्याजोगी सावलीही पेटीत असावी लागते.

आडोसे व अंतर्गत मांडणी

पेटीत किमान दोन लपण असावेत, एक उबदार टोकास व एक थंड टोकास. लपण एकच असेल तर सापास सुरक्षितता व योग्य तापमान यांपैकी एकाची निवड करावी लागते आणि बहुधा तो अयोग्य तापमानातही लपूनच राहतो. लपण अंगाबरोबरचा असावा, कारण वेटोळ्याला भिंतींचा स्पर्श झाल्यास साप निश्चिंत होतो.

तळावर ॲस्पेन लाकडाचा कीस, नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा माती व भुश्याचे मिश्रण पसरतात. थर काही सेंटिमीटर जाड असल्यास सापाला त्यात मुरता येते. विजेची गादी तळाखाली असल्यास मात्र जाड थर उष्णता अडवतो, हे लक्षात घ्यावे लागते. सीडार व पाइन यांचा कीस टाळला जातो, कारण त्यांतील सुगंधी तेले सापांच्या श्वसनमार्गास अपायकारक ठरतात.

चढण्यासाठी पक्क्या बसवलेल्या फांद्या, बुचाच्या झाडाची साल आणि खरी किंवा कृत्रिम पाने ठेवली जातात. जड दगड थेट पेटीच्या तळावर टेकवावेत. भुश्यावर ठेवलेला दगड सापाने खालून उकरल्यास त्याच्याच अंगावर कोसळतो. अशी मांडणी केवळ शोभेसाठी नसते. कॉर्न स्नेकच्या नात्यातील अमेरिकी रॅट स्नेकवर ऑल्मली व बर्घार्ट यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वैविध्यपूर्ण पेटीत वाढलेल्या सापांचे वर्तन ओक्याबोक्या पेटीतील सापांहून वेगळे आढळले.

पाणी, आर्द्रता व कात

पाण्याचे भांडे सहज न कलंडणारे आणि सापास वेटोळे घालून बसता येईल एवढे असावे. आर्द्रता साधारणतः 40 ते 60 टक्के राखली जाते. हवा फार कोरडी असल्यास कात तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकास कातेचे कडे अडकून राहिल्यास रक्तपुरवठा खुंटतो. डोळ्यावरील पारदर्शक पापुद्राही कधी कधी मागे राहतो. तो नखाने किंवा चिमट्याने ओढल्यास डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. यावर उपाय म्हणून ओल्या शेवाळाने भरलेला तिसरा लपण ठेवतात. सापाचे डोळे निळसर-धुरकट होऊ लागले की कात टाकण्याची वेळ जवळ आली असे समजतात. याउलट, सतत ओल्या राहणाऱ्या तळामुळे पोटाच्या खवल्यांवर फोड व जंतुसंसर्ग होतो.

साप आणण्यापूर्वीची तयारी

पेटी साप घरी आणण्यापूर्वीच पूर्ण करून किमान काही दिवस रिकामी चालवून पाहण्याचा सल्ला दिला जातो. या काळात दिवसा व रात्री दोन्ही टोकांचे तापमान नोंदवले जाते आणि थर्मोस्टॅटचे दोष, निसटत्या फटी व आर्द्रतेतील चढउतार लक्षात येतात. साप आणल्यानंतर साधारण आठवडाभर त्यास हाताळत नाहीत. त्यानंतर प्रथम आहार दिला जातो. गोठवून पूर्णतः वितळवलेले उंदीर हा प्रचलित आहार आहे. जिवंत उंदीर सापास चावून गंभीर जखमा करू शकतो. आहारानंतर सुमारे 48 तास साप हाताळला जात नाही. एका पेटीत एकच साप ठेवावा, असा संकेत आहे.

वर्तनावरून दोष ओळखणे

साप आवाजाने तक्रार करत नाही, त्यामुळे पेटीतील उणीव त्याच्या वर्तनावरूनच ओळखावी लागते. साप सतत उबदार टोकासच पडून असल्यास पेटी एकूणच थंड असण्याची शक्यता असते. तो तासन्‌तास पाण्यात बसत असल्यास अतिउष्णता, जवळ आलेली कात किंवा अंगावरील माइट हे बारीक परजीवी यांपैकी एक कारण असू शकते. काचेवर नाक घासत राहणे हे अपुरी जागा किंवा अपुरे आडोसे यांचे लक्षण मानले जाते. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा नाकातून बुडबुडे येणे हे श्वसनमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असते. अशा वेळी पशुवैद्यकाचे साहाय्य आवश्यक ठरते.

स्वच्छता व आरोग्य

विष्ठा दिसताच काढली जाते, पाणी वारंवार बदलले जाते आणि ठरावीक काळाने संपूर्ण तळ बदलून पेटी निर्जंतुक केली जाते. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून साप किंवा पेटी हाताळल्यानंतर साबणाने हात धुतले जातात व पेटीतील भांडी स्वयंपाकघरात धुतली जात नाहीत. पाच वर्षांखालील मुलांच्या घरी सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असा सल्ला अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा देतात.

कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक पाळण्यास परवाना लागत नाही, परंतु 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार प्राण्याला योग्य परिसर पुरवणे हे पालकाचे कर्तव्य आहे. अमेरिकेत राज्यागणिक नियम भिन्न आहेत. ऑस्ट्रेलियात हा साप खासगीरीत्या पाळण्यास बंदी आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये नाग, धामण, अजगर इत्यादी देशी साप पकडणे व घरी बाळगणे हा गुन्हा आहे. घरात शिरलेला साप पेटीत ठेवून पाळणे यास हा लेखविषय लागू होत नाही. असा साप वनविभागाच्या किंवा अधिकृत सर्पमित्राच्या साहाय्याने निसर्गात सोडला जातो. परदेशी जिवंत प्राण्यांच्या आयातीस शासकीय परवानगी आवश्यक असते. साइट्स कराराच्या परिशिष्टांतील जातींची नोंदणीही बंधनकारक आहे. कॉर्न स्नेकचा त्या परिशिष्टांत समावेश नाही. पाळलेला परदेशी साप नकोसा झाल्यास तो मोकळा सोडणे स्थानिक जीवसृष्टीस व त्या सापासही घातक ठरते.