अठरा वर्षांनंतरचे घर

औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावी बहुविकलांग तरुणाला सांभाळणाऱ्या आईबापांना एकच चिंता असते : आमच्यामागे याचे काय? त्यावर निवासी संस्था हे उत्तर सुचविले जाते. ज्याला तेथे जन्म काढावयाचा, त्याला ती कशी वाटेल, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना स्वतःचे नाव दिले आणि अठरावे वर्ष सरताच त्यांना बालगृहाबाहेर काढण्यास नकार दिला. २०२४ साली शासनाने त्यांना पद्मश्री दिली. बालगृहाचा आधार अठराव्या वर्षी संपतो, त्यापुढील अनुरक्षणाची मुदत साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत. मेंदूचा पक्षाघात काही एकविसाव्या वर्षी बरा होत नाही!

मग मोठ्यांसाठी मोठी वसतिगृहे बांधावीत काय? इंग्लंडमधील ल कोर्ट या चेशायर गृहात पॉल हंट नावाचा स्नायुक्षयाने पीडित तरुण राहत असे. तेथील रहिवाशांचा झगडा अन्नवस्त्रासाठी नव्हता. रात्री केव्हा निजावयाचे, परवानगीवाचून बाहेर जाता यावे की नाही, यासाठी तो होता. १९७२ साली हंटने वृत्तपत्रात पत्र लिहून आपल्यासारख्यांना संघटित होण्याचे आवाहन केले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. अनुदान दरडोई हिशेबाने संस्थेला मिळते. साहजिकच संस्था जबाबदार राहते ती तपासनिसाला. तपासनीस खाटा मोजतो, रहिवाशाची इच्छा त्याच्या तक्त्यात बसत नाही. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने मदतनीस नेमण्यासाठी थेट अपंग व्यक्तीच्या हाती पैसे देण्याची वाट खुली केली. आपल्याकडेही १९८० पासूनची संजय गांधी निराधार योजना रक्कम व्यक्तीलाच देते. पण तीत मदतनिसाचा पगार भागणे अशक्यच. अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती अपंगांवर नसावी, असे २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम सांगते. दुसरे ठिकाणच परवडत नसेल, तर ते कलम कागदावरच राहावयाचे.

ज्यांना बोलताही येत नाही त्यांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमू शकते. तो पालक त्याच संस्थेचा चालक असणार नाही, एवढी दक्षता तरी समितीने घ्यावी.