बुरशी वर, चोर खाली

वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडच्या पट्ट्यात ‘बागेवर कोळशी आली’ एवढं म्हटलं, की संत्रा उत्पादकाला पुढचं काही विचारावं लागत नाही. पानं, फांद्या, फळं, सगळ्यांवर काळा थर चढलेला असतो. हात लावला तर बोटं काळी होतात. पण तेच पान ओल्या फडक्यानं पुसून पाहा, खालून चांगलं हिरवं पान निघतं!

कारण हा काळा थर बुरशीचा असतो आणि ती पानाच्या आत शिरतच नाही. कॅप्नोडियम वंशातली ही मंडळी पानावर सांडलेल्या गोड, चिकट द्रवावर पोसली जातात. तो सांडणारी खरी गुन्हेगार असते काळी माशी. तिला शोधायचं तर कोवळं पान उलटं करावं. मादी तिथे चक्राकार अंडी घालते. पिल्लं काळी, काटेरी, कडेला पांढऱ्या मेणाची झालर असलेली. थोडं सरपटून एका जागी चिकटतात आणि रस शोषत बसतात. जादा साखर शरीराबाहेर टाकतात, ती खालच्या पानांवर ठिबकते. वर्षात तीन पिढ्या, त्याही आंबिया, मृग आणि हस्त बहाराच्या नवतीवर.

झाडाला मार दुहेरी बसतो. किडीनं रस ओढायचा आणि काळ्या थरानं ऊन अडवायचं! अन्न कमी बनतं, फुलोरा घटतो, काळवंडलेल्या फळाला बाजारात भाव मिळत नाही.

ही माशी मूळची आशियातली. 1913 मध्ये ती जमैकात सापडली, पुढे मेक्सिकोत पोचली. तिथे औषधांचा मारा पुरा पडेना, तेव्हा 1949-50 च्या सुमारास भारत-पाकिस्तानातून तिच्या पिल्लांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या नेण्यात आल्या. एन्कार्सिया आणि अमायटस या दोन वंशांतल्या माश्यांनी तिला आवर घातला. 1976 मध्ये फ्लोरिडात उपद्रव झाला, तेव्हाही त्याच कामी आल्या.

आपल्याकडे मात्र जहाल कीटकनाशकांच्या ऊठसूट फवारणीत असे मित्रकीटकच आधी मरतात. हे आपल्या हातानं ओढवून घेतलेलं संकट आहे. नुसतं बुरशीनाशक मारूनही भागत नाही. द्रव ठिबकत राहिला की काळा थर पुन्हा येतो. म्हणून पिल्लं लहान असतानाच, पानांची खालची बाजू भिजेल अशी, शेजारच्या बागांसह एकाच वेळी फवारणी करावी. झाडांची दाटी विरळ करावी. आणि औषधाच्या दुकानात जाण्याआधी दहा-वीस पानं उलटून पाहावीत.