मोजणी आणि तिजोरी

स्वतंत्र भारताच्या आकडेवारीचा पहिला काळ हा माणसांच्या वजनाचा काळ होता. १९४९च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर प्रशांतचंद्र महालनोबिस, व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पैसा सरकारचाच होता, पण विश्लेषणाचे मुख्य काम महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत चाले आणि नेहरूंचा महालनोबिसांवरचा विश्वास हेच त्या कामाचे कवच होते. असे कवच वारशाने पुढे जात नाही. १९७०मध्ये पाहणीची सगळी अंगे एका सरकारी संघटनेखाली आली. सी. रंगराजन यांच्या आयोगाने २००१मध्ये वैधानिक सांख्यिकी आयोग सुचवला. २००५मध्ये आयोग नेमला गेला तो नुसत्या सरकारी ठरावाने. त्याची किंमत २०१८-१९मध्ये कळली. बेरोजगारीचा दर ६.१ टक्के सांगणारा अहवाल आयोगाने मंजूर केला, तरी तो अडून राहिला. जानेवारी २०१९मध्ये आयोगाचे सदस्य पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले, आणि अहवाल अधिकृतपणे बाहेर आला तो निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे रोजी.

ज्याचा पैसा त्याचा शब्द, असे म्हणून आकडेवारीच्या स्वायत्ततेचा प्रश्न निकालात काढता येत नाही. महालेखापरीक्षकांनाही पैसा सरकारी तिजोरीतूनच मिळतो. फरक इतकाच की त्यांच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च संचित निधीवर भारित असतो, त्यावर मतदान होत नाही. आयोगाचा खर्च मात्र सांख्यिकी मंत्रालयाच्या अनुदान मागणीत बसतो. ब्रिटनने २००७च्या कायद्याने आपले सांख्यिकी प्राधिकरण मंत्र्यांऐवजी थेट संसदेला उत्तरदायी केले.

याहून वजनदार आक्षेप असा की आकडे खरोखर सदोष असले तर सरकारने ते का छापावेत? २०१७-१८ची उपभोगखर्च पाहणी रद्द करताना हेच कारण दिले गेले. दोष असतीलही. पण ज्याची कामगिरी त्या आकड्यांतून तपासली जाणार, त्यानेच दोषांचा निवाडा करायचा, ही रीत हिशेबतपासणीत कोणी चालवून घेईल का? आकडे दोषांच्या टिपणासह खुले केले असते तर अभ्यासकांनी पारखून घेतले असते. अलीकडे मंत्रालय अहवालांच्या प्रकाशनाच्या तारखा आधीच जाहीर करते, हे चांगलेच आहे. मात्र एखादी तारीख टळली तर जाब विचारायला आयोगाच्या हाती अजून तो २००५चा ठरावच आहे.