साहेब, लेकरू कोणाजवळ ठेवू जी?

गोष्ट एका पावसाळ्यातली. गोंदिया जिल्ह्यातील कामठा येथील, आमच्या परिचयाची एक मुलगी शहरातल्या एका कचेरीत कारकून आहे. तिच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारी ती पहिलीच. एके दिवशी ती दोन्ही लेकरे घेऊन कचेरीत आली. थोरले पाच वर्षांचे, धाकटे दीड वर्षाचे. नवरा परगावी कामाला. एरवी पोरांना तिची आई सांभाळते. पण रोवणीचे दिवस होते आणि रोवणीच्या दिवसांत धानाच्या पट्ट्यातली कोणती म्हातारी घरी बसते? वर्षाच्या मिठामिरचीचे पैसे त्या पंधरा-वीस दिवसांत निघतात.

थोरला टेबलाखाली कोऱ्या कागदावर रेघोट्या ओढत बसला. धाकटे फायलींच्या गठ्ठ्याला टेकून झोपले. दुपारपर्यंत काम नीट चालले होते. मग धाकटे उठून रडू लागले आणि पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "ऑफिस आहे की अंगणवाडी?" दुसऱ्याने पुढचे वाक्य पुरवले, "यांना सवलती घेऊन घेऊन सवय झाली." साहेबांनी बोलावून समज दिली. ती एवढेच म्हणाली, "साहेब, लेकरू कोणाजवळ ठेवू जी?" साहेबांकडे उत्तर नव्हते. कचेरीचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका कचेरीचा नाही.

वाचकहो, याच कचेरीत मागे एक बाबू आपल्या मुलाला घेऊन आला होता. तेव्हा सगळ्यांनी त्या पोराला बिस्किटे दिली, 'बापाचा लाडका' म्हणून कौतुक केले. बाप लेकरू आणतो ते प्रेम, आई आणते ती बेशिस्त. आणि आई आमच्या वस्तीतली असली तर सवलतीचा टोमणा वर फुकट!

अमेरिकेत १९९३ साली मुलींना एक दिवस आईबापाच्या कामाच्या ठिकाणी नेण्याचा उपक्रम सुरू झाला. मुलींनी मोठी स्वप्ने पाहावीत हा हेतू होता. २००३ पासून त्यात मुलगेही आले. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांतही असा दिवस फुगे लावून, केक कापून साजरा होतो. होऊ द्या, आमची तक्रार नाही. पण कामठ्याच्या बांधीत हा 'दिवस' शंभर वर्षांपासून चालू आहे आणि त्याला फुगे नाहीत. धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हे, शेजारी राखणीला सहा-सात वर्षांची बहीण, आणि आई गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे रोवते आहे. ही आमची कारकून मुलगी स्वतः त्याच झोळीत वाढली. ती शिकली, परीक्षा पास झाली, धुऱ्यावरून कचेरीत पोहोचली. झोळी मात्र तिच्या मागोमाग कचेरीतही आली.

कोणी म्हणेल, कारकुनाचे काय घेऊन बसलात? तर आमदाराचे घ्या. देवळाली हा नाशिक जिल्ह्यातला अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. तिथल्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला अडीच महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन आल्या. छायाचित्रे निघाली, कौतुक झाले. पण बाळाला पाजायला विधानभवनात जागाच नव्हती. त्यांनी बोलल्यावर हिरकणी कक्ष उघडला गेला. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनात त्यांना त्या कक्षात धूळ आणि गैरसोय दिसली, आणि राज्याची लोकप्रतिनिधी पत्रकारांसमोर रडली. जिथे कायदे होतात तिथे ही गत, मग तालुक्याच्या कचेरीत पाळणा कोण बांधणार?

त्या 'हिरकणी' नावाचाही एकदा विचार करावा. आख्यायिका अशी की रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे असलेली गवळण रात्री कडा उतरून गेली. आईच्या धाडसाचे गुणगान सगळे करतात. पण दरवाजा बंद होता म्हणून तिला कडा उतरावा लागला, हे कोणी बोलत नाही. सरकारने खोलीला नाव दिले ते कडा उतरणारीचे. दरवाजा उघडण्याचे काय?

बाबासाहेबांनी हा दरवाजा १९२८ सालीच ठोठावला होता. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की, आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, आणि स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणून त्यानेही वाटा द्यावा. दुसऱ्या वर्षी कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना १९४३ मध्ये त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. मूल ही त्या बाईची खासगी अडचण नाही, हा त्यामागचा विचार. आमच्या बाबू लोकांपर्यंत तो अजून पोहोचायचा आहे.

त्यानंतरचे कायदे बघा, सगळे मोजणीवर अडतात. २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती आली ती पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला. तिथे आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने लिहिले की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावे. चांगलेच लिहिले. पण पंधरा माणसांची कचेरी पन्नासात बसत नाही. आणि बांधीतल्या रोवणाऱ्या बाईचा मालक हंगामापुरता, आज एक तर उद्या दुसरा. तिची मोजणी कोणत्या रजिस्टरात होणार?

अंगणवाडी आहे, पण ती दुपारी सुटते आणि मजुरीचा दिवस संध्याकाळी. २०२२ मध्ये केंद्राने 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे ठरवले. मग ते आधी धानपट्ट्यात, रोवणी-कापणीच्या महिन्यांत, दिवसभर का असू नये? आणि सेविका-मदतनीस बायांना त्या जादा तासांचे मानधन नव्हे, वेतन मिळावे. त्यांचीही लेकरे घरी असतात. ग्रामपंचायतींत आता निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. कामठ्यापासून देवरीपर्यंतच्या आमच्या भगिनी सदस्यांनी हा ठराव ग्रामसभेत मांडावा. ठरावाच्या दिवशी लेकरे सोबतच न्यावीत, रडली तर रडू द्यावीत.

साहेबांची समज ऐकून ती मुलगी संध्याकाळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर, एकटी, कचेरीत हजर होती. तिच्या आईने रोवणीवर खाडा केला होता.