जेलन: जीवाणूने घडवलेली जेली
स्फिंगोमोनास इलोडिया हा जीवाणू शर्करायुक्त द्रावणात वाढताना जेलन नावाचे बहुशर्करिक, म्हणजे शर्करेच्या असंख्य घटकांची लांब साखळी, पेशीबाहेर सोडतो. गरम पाण्यात या साखळ्या सुट्या असतात. द्रावण निवू लागले की त्या दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती वळतात आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्यांना जोडून पाणी धरून ठेवणारे जाळे तयार करतात. साखळीवरील अ‍ॅसिल गट, म्हणजे तिला बाजूने जोडलेले छोटे रासायनिक समूह, काढल्यास जेल टणक व ठिसूळ, तर ठेवल्यास मऊ व लवचिक होते. अत्यल्प मात्रेतही जेलन चॉकलेट दुधातील कोकोचे कण तळाशी बसू देत नाही; शिवाय, प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन वर्ज्य मानणाऱ्या शाकाहारी माणसालाही त्यामुळे जेलीचा आस्वाद घेता येतो, हे या सूक्ष्मजीवाचे मोलाचे देणे आहे.