ध्वनिरोधक भिंत : वजन, पोकळी आणि फट

भिंतीला फोमचे तुकडे चिकटवले की आवाज अडतो, हा समज दृढ असला तरी चुकीचा आहे. फोम खोलीतला घुमारा शोषून घेतो, पण शेजारी जाणारा ध्वनी त्याला रोखता येत नाही, कारण त्यासाठी वजन लागते. एकपदरी भिंतीचे वस्तुमान दुप्पट केल्यास तिचा ध्वनिरोध सिद्धान्तानुसार सुमारे ६ डेसिबलने वाढतो, मात्र नुसती जाडी वाढवत नेणे लवकरच खर्चिक आणि इमारतीला जड ठरते. म्हणून मूळ भिंतीला न टेकणारी दुसरी चौकट उभारून, मधल्या पोकळीत दगड वितळवून काढलेल्या तंतूंची गादी, म्हणजे रॉकवूल, भरतात आणि त्या चौकटीवर जिप्सम बोर्डचे दोन थर बसवतात. एका पदराचा कंप दुसऱ्यात उतरू नये, हे या विलगीकरणाचे मर्म होय. छताचे काम अधिक कठीण, कारण वरच्या मजल्यावरील पावलांचा आघात थेट स्लॅबमधून उतरतो आणि तो वरच्या फरशीखाली लवचीक थर देऊन अडवणेच श्रेयस्कर असते. ते शक्य नसल्यास रबर बसवलेल्या हँगरवर फॉल्स सीलिंग टांगावे लागते. एवढे करूनही दाराखालची बोटभर फट किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड सारी मेहनत वाया घालवू शकतात.